भात शिजला तो पाण्याने की जाळाने?

लावणीच्या दिवसांत कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी गेलं की एक वाद दर वर्षी ऐकायला मिळतो. बांधाच्या अलीकडे माझे काका, पलीकडे शेजारचे भाऊ, आणि विषय गोळी खताचा. युरिया आणि डीएपी ही दोन रासायनिक खतं एकत्र दाबून केलेल्या ब्रिकेटला आमच्याकडे गोळी खत म्हणतात. काका म्हणतात, "गोळी खत म्हणजे पैशे चिखलात पुरणां. माका काय एक फरक दिसूक नाय." त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं असतं, "माझ्या कुणग्यात येवन बघ. युरिया कमी लागलो आणि भात बरा इला."

दोघांचं आयुष्य चिखलात गेलेलं आहे आणि दोघंही खोटं बोलणारे नाहीत. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे या वादात मला कायम रस वाटत आला आहे. "गोळी खताने फायदा होतो का?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे असं दोघंही धरून चालतात आणि तिथेच भांडण सुरू होतं.

भाऊ दोरी धरून ओळीत लावणी करतात. काकांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या खाचरात, बायका हात चालेल तसा तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत जातात. भाऊंचा मळा सखल, चिकण मातीचा. काकांचा कुणगा वरच्या अंगाला, वाळूसर, पाणी भरलं तरी संध्याकाळपर्यंत मुरून जाणारा. म्हणजे गोळीशिवाय आणखी दोन गोष्टी या दोन शेतांत वेगळ्या आहेत. काकांना फरक दिसला नाही तो लावणीमुळे की मातीमुळे? दोन शेतं नुसती शेजारी ठेवून पाहिली तर हे कधीच कळणार नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या आहेत. दोन कारणं अशी एकमेकांत मिसळून गेली की कितीही वर्षं निरीक्षण केलं तरी ती सुटी होत नाहीत. ती सुटी करायची तर प्रयोगच तसा मांडावा लागतो.

मग कसा मांडायचा? शाळेत आपण शिकलेलो असतो की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. हे इतकं पटण्यासारखं आहे की त्यात काही खोट असेल असं वाटतच नाही. ती खोट दाखवण्यासाठी एक उदाहरण घेते. यातले आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून मनाने धरले आहेत, कुठल्या शेतात मोजलेले नाहीत.

एक शेतकरी वालय लावतो. जुनी गावठी जात, उंच वाढणारी. वरखत घालत नाही, गुंठ्याला २५ किलो भात मिळतो. त्याला दोन गोष्टी तपासायच्या आहेत, युरिया आणि जयासारखी बुटकी सुधारित जात. पहिल्या वर्षी तो जात तीच ठेवतो आणि युरिया घालतो. वालय आणखी उंच होते, कापणीआधीच्या पावसात लोळते, हातात २४ किलो येतात. तो युरिया सोडून देतो. दुसऱ्या वर्षी युरियाशिवाय जया लावतो. २७ किलो. दोन किलोंसाठी दर वर्षी विकतचं बियाणं कोण आणणार? तो वालयवर परत येतो. दोन वर्षं नेमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रयोग केला आणि निष्कर्ष निघाला की दोन्हींत काही दम नाही.

जया आणि युरिया एकत्र घालून त्याने पाहिलंच नाही. तिथे ४१ किलो होते.

हे आकडे काल्पनिक असले तरी त्यांच्यामागची गोष्ट खरी आहे. साठच्या दशकात आयआर-८ सारखे बुटके भात आले आणि १९६८ मध्ये आपल्याकडे जया आली, तेव्हा नेमकं हेच घडलं. उंच जातीला नत्र, म्हणजे युरियातला नायट्रोजन, जास्त दिलं की ताटं उंच होतात आणि आडवी पडतात. बुटकी जात तेच नत्र पचवते आणि ते दाण्यात उतरवते. बियाणं एकटं फार काही करत नव्हतं आणि खतही एकटं फार काही करत नव्हतं. दोघांची गाठ पडली तेव्हा उत्पन्नाने उडी घेतली.

आता त्या चार आकड्यांचं गणित पाहू. वालयमध्ये युरियाने १ किलो घटवला. जयामध्ये युरियाने १४ किलो वाढवले. दोन्हींची सरासरी काढली तर युरियाचा परिणाम साडेसहा किलो. याला संख्याशास्त्रात मुख्य परिणाम म्हणतात. पण ही सरासरी कुठल्याच शेतकऱ्याच्या कामाची नाही, कारण साडेसहा किलो वाढ प्रत्यक्षात एकाच्याही शेतात होत नाही. एकाला तोटा होतो, दुसऱ्याला भरपूर फायदा. खरी बातमी उणे १ आणि अधिक १४ यांच्यातल्या १५ किलोंच्या तफावतीत आहे. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकावर किती अवलंबून आहे हे ती तफावत सांगते. हिलाच परस्परक्रिया म्हणतात.

हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारून पाहा. युरिया नसताना जात बदलल्याने २ किलो मिळाले, युरिया असताना १७. तफावत पुन्हा १५. कुठल्याही बाजूने मोजा, आकडा तोच येतो. म्हणजे हे १५ किलो ना बियाण्याचे, ना खताचे. ते दोघांच्या जोडीचे आहेत. २५ वरून ४१ वर आलो, त्या १६ किलोंत युरियाचा वाटा किती आणि जयाचा किती, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर नाही. आई चुलीवर पेज ठेवायची तेव्हा भात पाण्यामुळे किती शिजला आणि जाळामुळे किती, असं आम्ही कधी विचारलं नाही. पाण्याशिवाय जाळ दिला तर तांदूळ करपतात, जाळाशिवाय पाण्यात ठेवले तर नुसते भिजतात.

तेव्हा उपाय असा, की घटकांच्या सगळ्या जुळण्या एकाच हंगामात, एकाच प्रयोगात लावायच्या. दोन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या (आहे किंवा नाही), तर चार तुकडे. तीन घटक असतील तर आठ, चार असतील तर सोळा. याला बहुघटक प्रयोग म्हणतात. ही कल्पना रुजली ती इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात. जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तिथे गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले होते आणि त्यातलं ब्रॉडबाल्क नावाचं शेत आजही चालू आहे. १९१९ मध्ये तिथे रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती आला, तो साठलेल्या नोंदींच्या ढिगातून काही निघतं का ते पाहायला. नोंदी चाळता चाळता त्याला कळून चुकलं की प्रयोग मांडतानाच विचार केला नसेल तर नंतर कितीही गणित करून उपयोग होत नाही.

१९२६ मध्ये ब्रिटनच्या कृषी मंत्रालयाच्या मासिकात रॉदमस्टेडचे संचालक सर जॉन रसेल यांचा शेतावरच्या प्रयोगांविषयी लेख आला. शेतात थोडेच प्रश्न विचारावेत, जमलं तर एका वेळी एकच, हा त्या काळचा सर्वमान्य सल्ला त्यात होता. त्याच वर्षी त्याच मासिकात फिशरने लिहिलं की हे मत पूर्णपणे चुकीचं आहे. निसर्गाला नीट विचार करून तयार केलेली प्रश्नावली दिली तर तो उत्तम उत्तर देतो, एकच प्रश्न विचारला तर दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलणं होईपर्यंत तो बरेचदा तोंडच उघडत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. आपल्याच संचालकाच्या मताविरुद्ध त्याने हे छापून लिहिलं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. वालयवाल्या शेतकऱ्याचा युरियाचा प्रश्न नेमका असाच अनुत्तरित राहिला होता. जातीचा विषय निघेपर्यंत शेत गप्प होतं.

सगळ्या जुळण्या लावायच्या म्हणजे खर्च वाढणार, असं कोणालाही वाटेल. मलाही विद्यार्थी असताना तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात उलटं होतं. समजा तीन घटक तपासायचे आहेत आणि एका तुकड्यावर विसंबणं बरं नाही म्हणून प्रत्येक तुलनेत दोन्ही बाजूंना चार चार तुकडे हवेत. एकेक घटक बदलत गेलात तर नेहमीच्या पद्धतीचे चार आणि प्रत्येक बदलाचे चार, असे १६ तुकडे लागतात. बहुघटक प्रयोगात आठ तुकड्यांत आठ जुळण्या लावल्या की त्यांतल्या चारमध्ये पहिला घटक असतो, चारमध्ये नसतो. चाराविरुद्ध चार ही तुलना झालीच. तेच आठ तुकडे वेगळे वाटून घेतले की दुसऱ्या घटकासाठी चाराविरुद्ध चार, मग तिसऱ्यासाठीही. एकच तुकडा तीन प्रश्नांची उत्तरं देतो. निम्म्या जमिनीत तेवढाच भरवसा मिळतो आणि परस्परक्रिया दिसते ती वर. दहा-पंधरा गुंठ्यांच्या कुणग्यांवर जगणाऱ्या कोकणात या काटकसरीचं मोल मोठं आहे.

आता पुन्हा गोळी खताकडे येते, कारण त्याच्यासोबत तीन भावंडं आहेत. कोकणात चारसूत्री भात लागवड म्हणून जी पद्धत शिकवली जाते तिचं पहिलं सूत्र भाताचे अवशेष शेतातच परत घालणं, म्हणजे तुसाची राख, पेंढा. राखेतून सिलिका आणि पालाश मिळतं, ताट कणखर होतं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा, म्हणजे ग्लिरिसिडियाच्या झाडाचा, पाला चिखलात गाडणं. तिसरं नियंत्रित लावणी. चूड म्हणजे एका जागी एकत्र लावलेली रोपं. दोन चुडांमध्ये आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं, तेही दोन्ही दिशांना, म्हणजे चार चार चुडांचे १५ सेंटिमीटरचे चौकोन तयार होतात आणि मधून २५ सेंटिमीटरच्या वाटा राहतात. चौथं सूत्र गोळी खत. लावणी होताच प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचायची. हिशेब केला तर एका चौकोनाच्या वाट्याला वाटांसकट ४० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटर जागा येते. म्हणजे गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, वजनाने जेमतेम १ किलो ७०० ग्रॅम.

गोळी खोल का खोचायची? युरिया वरून फेकला की तो साठलेल्या पाण्यात विरघळून त्याचा अमोनिया होतो. भर दुपारी पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पाणी अल्कधर्मी होतं आणि तो अमोनिया हवेत उडून जातो. त्यात आपला पाऊस. आदल्या दिवशी फेकलेला युरिया दुसऱ्या दिवशी बांधावरून वाहत वहाळाला लागतो. गोळी चिखलात खोल असली की तिथे प्राणवायू नसतो, पाण्याचा प्रवाह नसतो, नत्र अमोनियमच्या रूपात चिकण मातीच्या कणांना धरून राहतं आणि मुळांना हळूहळू मिळत जातं.

या एका परिच्छेदातच दोन परस्परक्रिया दडल्या आहेत. पहिली गोळी आणि लावणीची. चार चुडांच्या मधोमध गोळी असेल तर चारही चुडांची मुळं तिच्यापासून सारख्या अंतरावर असतात. आडवीतिडवी लावणी असेल तर मधोमध म्हणजे कुठे? एखाद्या चुडाच्या बुंध्याशीच गोळी बसते, दुसरा उपाशी राहतो. दुसरी परस्परक्रिया गोळी आणि मातीची. चिकण माती अमोनियम धरून ठेवते. वाळूसर जमिनीत पाणी खाली मुरत असतं आणि त्याच्याबरोबर नत्रही मुळांच्या टप्प्याखाली जातं. अशा जमिनीत खोल घातलेली गोळी तोट्याचीही ठरू शकते. काकांच्या कुणग्यात या दोन्ही गोष्टी होत्या.

चारही सूत्रांचा पूर्ण प्रयोग मांडायचा तर दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, सोळा तुकडे. पहिला तुकडा एकही सूत्र नसलेला, सोळावा चारही सूत्रांचा, मध्ये एकेकट्या सूत्राचे चार, जोड्यांचे सहा, तिघांचे चार. यात काही जुळण्या विचित्र वाटतात. गोळी आहे पण नियंत्रित लावणी नाही, अशा तुकड्यात गोळी खोचायची कुठे? हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं, उदाहरणार्थ तेवढ्याच गोळ्या, तेवढ्याच खोल, पण हाताला येईल त्या जागी. आणि ज्या तुकड्यात गोळी नाही तिथे वरखत अजिबात नाही, की तेवढंच नत्र वरून फेकून घालायचं? वरून फेकलं तर प्रयोग खत किती खोल घालायचं याचा होतो, दिलंच नाही तर तो खताचा होतो. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. माझ्या अनुभवात प्रयोग फसतात ते गणितात क्वचितच. बहुतेक वेळा "घटक नसणे" म्हणजे नक्की काय, हे कोणी ठरवलेलंच नसतं.

मग येतो जमिनीचा प्रश्न, आणि कोकणात तो फार मोठा आहे. सोळा सारखे तुकडे आणायचे कुठून? आमचे कुणगे पायऱ्यांसारखे उतरत जातात. वरच्याचं पाणी बांधाला तोंड करून खालच्यात सोडलेलं असतं, त्याबरोबर खतही उतरतं. एका कडेला आंब्याची सावली, दुसऱ्या कडेला वहाळाचा गाळ. चांगल्या मातीचे तुकडे नकळत आपल्या आवडत्या पद्धतीच्या वाट्याला आले तर सगळं मुसळ केरात. म्हणून कुठल्या तुकड्यात काय लावायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. विचार करून केलेल्या वाटपापेक्षा चिठ्ठी बरी, हे पटायला जड जातं, पण माणसाचा विचार कुठे झुकतो ते त्याचं त्यालाही दिसत नाही. चिठ्ठीला काका, भाऊ आणि विद्यापीठ सगळे सारखेच. शिवाय सारख्या मातीचे तुकडे एका गटात घेऊन तुलना त्या गटातल्या गटात करायची, आणि कापणीच्या वेळी प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी सोडून मधलाच भात मोजायचा, कारण कडेच्या चुडांना जास्त ऊन मिळतं आणि शेजारच्या खताचाही वाटा लागतो.

पण एका कुणग्यात आठच तुकडे मावत असतील तर? इथे जी युक्ती आहे ती मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. फ्रँक येट्स १९३१ मध्ये रॉदमस्टेडला आला आणि १९३७ मध्ये त्याने बहुघटक प्रयोगांवर पुस्तिका लिहिली. त्याने या प्रकाराच्या युक्त्या पद्धतशीर मांडल्या. आपल्या सोळा तुकड्यांपैकी ज्यांत सम संख्येने सूत्रं आहेत ते वरच्या कुणग्यात घाला: शून्य सूत्रांचा एक, दोन सूत्रांचे सहा, चारांचा एक, झाले आठ. विषम संख्येचे, म्हणजे एका सूत्राचे चार आणि तीन सूत्रांचे चार, खालच्या कुणग्यात.

आता मोजून पाहा. वरच्या कुणग्यात गोळी खत किती तुकड्यांत आहे? दोन सूत्रांच्या सहा जोड्यांपैकी तीन जोड्यांत, आणि चारांच्या तुकड्यात. चार तुकड्यांत आहे, चारांत नाही. खालच्या कुणग्यात? एकट्या गोळीचा एक आणि तीन सूत्रांच्या तुकड्यांपैकी तीन, पुन्हा चार. म्हणजे वरचा कुणगा कितीही भारी आणि खालचा कितीही हलका असला तरी गोळीच्या तुलनेवर त्याचा परिणाम शून्य, कारण दोन्ही बाजूंना दोन्ही कुणगे सारखेच वाटले गेले आहेत. प्रत्येक सूत्राचं असंच. आणि जोड्यांचंही: गोळी आणि नियंत्रित लावणी दोन्ही असलेले दोन, दोन्ही नसलेले दोन, एकच असलेले दोन-दोन, दोन्ही कुणग्यांत तसेच. कागदावर सोळा चौकोन काढून रंगवून पाहा, हाताने केल्याशिवाय याचा आनंद येत नाही.

किंमत एकच मोजावी लागते. चारही सूत्रांची मिळून जी परस्परक्रिया असेल ती कुणग्यांच्या फरकात मिसळून जाते, तिचं उत्तर मिळत नाही. काका आणि भाऊंच्या शेतांत कारणं नकळत मिसळली होती, इथे आपण जाणूनबुजून एक मिसळण पत्करतो, आणि ज्याची गरज सर्वांत कमी तेच उत्तर सोडून देतो. चार घटकांनी एकदम मिळून काही वेगळंच घडवलं असं शेतात सहसा दिसत नाही. जोड्या मात्र वारंवार दिसतात.

याच वाटेने पुढे गेलं तर सोळातले आठच तुकडे लावता येतात, नुसता वरचा कुणगा. डी. जे. फिनी यांनी १९४५ मध्ये अशा अंशतः प्रयोगांची रीत मांडली. घटक दहा असतील तर सगळ्या जुळण्या १०२४ होतात, तेव्हा याशिवाय गत्यंतर नसतं. पण किंमत वाढते. आपल्या आठ तुकड्यांत "गोळी आणि लावणी" या जोडीचा परिणाम आणि "राख आणि पाला" या जोडीचा परिणाम एकच आकडा होऊन समोर येतात, वेगळे करता येत नाहीत. राख-पाल्याच्या जोडीकडून काही विशेष होणार नाही असं ज्याला मातीचं ज्ञान आहे तो ठरवू शकतो. तेवढा भरवसा नसेल तर सोळाच लावावेत, असं माझं मत.

या शास्त्रात आपल्या लोकांचं काम मोठं आहे आणि ते शाळेत कुठे सांगितलं जात नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. तिथे राज चंद्र बोस यांनी या मिसळणीचं गणित पक्क्या पायावर उभं केलं आणि सी. आर. राव यांनी चाळीसच्या दशकात ज्या लंबकोनी मांडण्या, म्हणजे थोड्या जुळण्यांत अनेक घटक समतोल तपासण्याच्या रचना, दिल्या त्या पुढे कारखान्यांतल्या प्रयोगांत जगभर वापरल्या गेल्या. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी वि. गो. पानसे यांच्याबरोबर कृषी संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. शेतीचं संशोधन करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

घटक एकत्र आले की गुंता होतोच, असा मात्र समज करून घेऊ नये. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या वैद्यकीय प्रयोगात हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. दोन औषधं तपासायची होती, रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी अ‍ॅस्पिरिन. चिठ्ठ्यांसारख्याच पद्धतीने रुग्णांचे चार गट झाले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावलेल्यांचं प्रमाण दोन्ही औषधं न मिळालेल्यांत १३.२ टक्के, फक्त अ‍ॅस्पिरिनवाल्यांत १०.७, फक्त स्ट्रेप्टोकायनेजवाल्यांत १०.४, आणि दोन्ही मिळालेल्यांत ८.० टक्के. अ‍ॅस्पिरिनने २.५ कमी केले, दुसऱ्या औषधाने २.८, बेरीज ५.३. प्रत्यक्षात दोन्ही मिळून कमी झाले ५.२. जवळपास सरळ बेरीज. दोन्ही औषधांनी आपापलं काम एकमेकांच्या मध्ये न येता केलं. परस्परक्रिया नाही, हीसुद्धा फार मोलाची बातमी असते. दोन्ही औषधं एकत्र द्यायला हरकत नाही हे डॉक्टरांना त्यातूनच कळलं, आणि एकेकच औषध तपासलं असतं तर ते कळलं नसतं.

एक सावधगिरी सांगायला हवी. दोनच पातळ्या घेतल्या तर दोन टोकं दिसतात, मधली वाट दिसत नाही. नत्राचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही, एका टप्प्यानंतर तो थबकतो आणि मग उतरतो. तिथे तीन किंवा अधिक पातळ्या हव्यात. आणि एका पावसाळ्यावर निकाल देऊ नये. हंगाम हाही एक घटकच आहे, फक्त त्याची चिठ्ठी आपल्या हातात नाही.

यंदा मी काकांना म्हटलं, वाद घालण्यापेक्षा तुमच्याच कुणग्यात लावून पाहू. सगळी चार सूत्रं नकोत, दोनच प्रश्न घेऊ: दोरीने लावणी की हाताने, आणि तेवढंच नत्र गोळीने की फेकून. चार जुळण्या, प्रत्येक दोनदा, आठ तुकडे, कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या. चार वरच्या कुणग्यात, चार त्याच्या खालच्या कुणग्यात, म्हणजे प्रत्येक कुणगा हा एक गट. माती दोन्हीकडे वाळूसरच असल्याने मातीचा प्रश्न यात सुटणार नाही, पण लावणीचा सुटेल. मातीसाठी भाऊंनी त्यांच्या मळ्यात हेच आठ तुकडे लावायचं कबूल केलं.

पडवीत बसून चिठ्ठ्या केल्या. भाऊंनी त्या काकांच्या टोपीत घालून हलवल्या, काकीने एकेक उचलली, मी वहीत नकाशा काढत गेले. वरच्या कुणग्याच्या शेवटच्या तुकड्यात हाताने लावणी आणि फेकलेला युरिया आला, त्याच्या बरोबर खाली, खालच्या कुणग्यात, दोरी आणि गोळी. काका बराच वेळ वही हातात धरून त्या नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पयलो मधलो बांध घट्ट करूक होयो. नायतर वरचा खत खाली येतला आणि तुझी चिठ्ठी खोटी पडतली."

मला हे सुचलं नव्हतं. काकांनी खोरं घेतलं, भाऊंनी घमेलं, आणि दोघं पावसातच बांधाकडे निघाले.